भावाची दारू सोडवायची आहे, जवळ १८ हजार आहेत. कोल्हापुरात कुठं न्यावं?

उचगावची बहीण:

नमस्कार. इथं पहिल्यांदाच लिहितेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

माझा धाकटा भाऊ, वय ३४. गोकुळ शिरगावात एका वर्कशॉपमध्ये सीएनसी मशीनवर ऑपरेटर आहे. वहिनी दोन वर्षांपासून माहेरी आहे. घरात तो आणि आई, दोघंच. आईच्या दोन म्हशी आहेत आणि घर त्यांच्यावरच चाललंय, कारण ह्याचा पगार दहा तारखेला होतो आणि पंधरापर्यंत संपलेला असतो. आता दूध संस्थेचं दहा दिवसांचं बिलही तोच जाऊन उचलतो. आईनं विचारलं तर म्हणतो, पेंडीचे वजा झाले.

आधी संध्याकाळी प्यायचा. गेल्या वर्षापासून सकाळी सहाला उठल्याबरोबर लागते. देशीची नव्वदची बाटली रात्रीच आणून गादीखाली ठेवलेली असते. ती पोटात गेल्याशिवाय हात थांबत नाहीत. कप धरता येत नाही म्हणून आई त्याला स्टीलच्या मोठ्या पेल्यात अर्धाच चहा देते. तो पेला दोन्ही हातांनी धरतो आणि भिंतीकडं तोंड करून पितो. दिवाळीनंतर माहेरी गेले तेव्हा हे बघितलं. आयटीआयला असताना ह्याच हातांनी केलेला जॉब, म्हणजे मशीनवर घडवलेला नमुना, सरांनी कपाटात ठेवून घेतला होता. त्या सकाळपासून मला नीट झोप नाही.

सोडायचा प्रयत्न त्यानं केलाच नाही असं नाही. कार्तिकीला स्वतःहून माळ घातली. आमचे वडील माळकरी होते, त्यामुळं आई रडलीच. पहिल्या रात्री घाम आणि उलट्या. दुसऱ्या रात्री डोळे फिरवून पडला, हातपाय ताठ, तोंडाला फेस. शेजाऱ्यांनी कांदा हुंगवला, चप्पल नाकाला लावली. कुणी म्हणालं बाहेरचं आहे, म्हणून आईनं उताराही टाकला. शुद्धीवर आल्यावर शेजारच्यांनीच बाटली आणून पाजली आणि तासाभरात तो उठून बसला. माळ आता देव्हाऱ्यात आहे. तेव्हापासून सोडायचं नाव काढलं की घाबरतो. म्हणतो, "आक्का, सोडली की मी मरतोय."

एका केंद्राला फोन केला होता. महिन्याला १५ हजार, तीन महिन्यांचे आगाऊ. म्हणाले, पत्ता द्या, रात्री पोरं गाडी घेऊन येतील आणि उचलून नेतील. पहिला महिना भेट नाही, फोन नाही. तिथं डॉक्टर कोण आहेत विचारलं तर म्हणाले, ते आमचं आम्ही बघतो.

माझ्याकडं भिशीचे १८ हजार आहेत. ४५ हजार करायचे तर आईची एक म्हैस विकावी लागेल. विकायची का? की कमी खर्चात कुठं होतं? आणि त्याला असं उचलून नेलेलं बरं का? मनाला पटत नाही, पण दुसरं काही सुचतही नाही.

पैलवान_शाहूपुरी:

ताई, एवढा खर्च कशाला? आमच्या चुलत्यांना चहातून पावडर देत होतो. वास नाही, चव नाही, पिणाऱ्याला कळतही नाही. पार्सलनं येते. म्हैस विकू नका.

निवृत्त सिस्टर:

वरचा सल्ला कृपा करून ऐकू नका. पैलवानदादा, तुम्ही चांगल्या मनानं सांगितलंत, पण मी ३१ वर्षं वॉर्डात काढली आहेत, म्हणून स्पष्ट सांगते. अशा पुड्यांत नक्की काय आहे ते कुणी तपासलेलं नसतं. डायसल्फिराम नावाची एक खरी गोळी आहे. तीही न सांगता द्यायची नसते. ती पोटात असताना माणूस प्याला की चेहरा लालबुंद होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, बीपी खाली जातं, आणि यात जीवही जाऊ शकतो. ही गोळी रुग्णाला समजावून, त्याच्या संमतीनं, डॉक्टर सुरू करतात.

ताई, आता तुमच्या भावाविषयी. तुमच्या प्रश्नात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते त्या दुसऱ्या रात्रीचं. ते बाहेरचं नव्हतं. ती फीट होती, आणि ती दारू एकदम बंद केल्यामुळं आली. रोज सकाळपासून पिणाऱ्याच्या मेंदूला दारूची सवय झालेली असते. ती अचानक थांबली की सहा-आठ तासांत हात कापायला लागतात, घाम येतो, मळमळतं. फीट बहुतेक पहिल्या ४८ तासांत येते. काहींना दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम होतो. नसलेली माणसं दिसतात, अंगावर किडे चालल्यासारखं वाटतं, ताप चढतो. त्यात वेळेवर उपचार मिळाले नाहीत तर माणूस दगावतो. म्हणजे "सोडली की मी मरतोय" हे त्याचं म्हणणं बहाणा समजू नका. घरी, एकट्यानं, औषधाशिवाय सोडणं त्याला खरंच धोक्याचं आहे. एकदा फीट आलेल्याला तर जास्तच.

म्हणून आधी केंद्र शोधू नका, आधी डॉक्टर गाठा. सीपीआरला न्या, दसरा चौकाजवळ, आपलं सरकारी रुग्णालय. सकाळच्या ओपीडीला जा, केसपेपर काढा, मानसोपचार विभाग विचारा. केसपेपरला किरकोळ पैसे पडतात. आधार आणि रेशन कार्डाच्या झेरॉक्स जवळ ठेवा. डॉक्टरांना तीन गोष्टी न लपवता सांगा: रोज किती पितो, शेवटची कधी घेतली, आणि आधी फीट आली होती. तिसरी विसरलात तर सगळा अंदाज चुकतो.

तिथं कंप आणि फीट रोखणाऱ्या गोळ्या सुरू करतात आणि साधारण आठवडा-दहा दिवसांत कमी करत आणून बंद करतात. जोडीला बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं देतात, कारण पिणारा जेवत नाही आणि बी-१ कमी पडलं की मेंदूला कायमची इजा होऊ शकते. यकृत तपासतात. पुढं ओढ कमी करणाऱ्या गोळ्याही आहेत, नालट्रेक्झोन, अकाम्प्रोसेट. कुणाला कुठली चालेल ते डॉक्टर ठरवतील.

दवाखान्यात नेईपर्यंत घरात शपथा घालून एकदम बंद करायला लावू नका. मध्येच बंद पडली आणि फीट आली तर कुशीवर झोपवा, तोंडात काही घालू नका, कांदा-चप्पल नको, आणि १०८ ला फोन करा. ती गाडी फुकट येते.

मोल्डर:

सिस्टरांनी पहिल्या आठवड्याचं सांगितलं. मी त्यानंतरचं सांगतो, कारण त्यातनं मी स्वतः गेलोय.

मी शिरोलीच्या एका फौंड्रीत मोल्डर आहे. १९ वर्षं प्यालो. बंद करून सात वर्षं झाली, येत्या गटारीला आठ होतील. तारीख सांगतो कारण शेवटची मी गटारीलाच घेतली होती.

ताई, तुमच्यासारखंच माझ्या थोरल्या भावानंही केलं होतं. एका केंद्रातनं रात्री गाडी आली. मी बनियनवर होतो. चौघांनी दंडाला धरून घातलं गाडीत, आणि माझी पोरगी, तवा ती सहावीत होती, दारात उभी राहून बघत होती. एका हॉलमध्ये आम्ही चाळीसभर माणसं. डॉक्टर महिन्यातनं एकदा. माझ्या शेजारच्या गादीवरच्या माणसाला तिसऱ्या रात्री भ्रम झाला, तर त्याला खिडकीच्या गजाला बांधून ठेवला. तीन महिन्यांचे पैसे भावानं पतसंस्थेतनं कर्ज काढून भरले. सुटलो त्या दिवशी एसटी स्टँडवर उतरलो आणि घरी जायच्या आधी प्यालो. भावाचा राग होता, त्या रागावर प्यालो. कर्जाचे हप्ते मात्र पुढं दोन वर्षं चालू होते.

सगळी केंद्रं तशी असतात असं मी म्हणत नाही. पण पैसे भरायच्या आधी काय बघायचं ते सांगतो. राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडं नोंदणी आहे का, कागद दाखवा म्हणायचं. मानसोपचारतज्ज्ञ कधी येतात, रात्री कुणाला त्रास झाला तर कोण बघतंय? आतली जागा बघू देतात का? भेटायला आणि फोनवर बोलायला देतात का? २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू आणि नशेमुळं होणारे मनाचे आजारही धरलेत. माणूस स्वतःच्या राजीनं दाखल होतो, हा सरळ रस्ता. त्याला स्वतःला ठरवता येण्यासारखी अवस्था नसली, तर घरच्या प्रतिनिधीच्या अर्जावर, दोघांनी वेगवेगळं तपासून मगच दाखल करता येतं. त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञच लागतो. तेही आधी ३० दिवसांपुरतं. रात्री गाडी घालून उचलायचं कुठल्याच कायद्यात नाही. तुमच्या मनाला पटलं नाही ते बरोबर होतं.

आणि तुमचा भाऊ "नको" म्हणत नाही हो. "भीती वाटते" म्हणतोय. ह्या दोन्हीत लई फरक आहे. मला कुणी विचारलंच नव्हतं. त्याला सिस्टरांनी लिहिलेलं वाचून दाखवा. फीट का आली हे त्याला कळू दे. औषध घेऊन सोडली तर तसं होऊ नये म्हणून डॉक्टर जवळ असतात, हे कळलं तर निम्मी भीती जाईल.

सकाळी न्यायचं तर सकाळीच बोला. रात्री प्यालेल्याशी बोलून उपयोग नाही, तो सगळ्याला हो म्हणतो आणि उठल्यावर काही आठवत नाही.

माझं पुढं असं झालं. पुन्हा दोन वर्षं पीत राहिलो. मग एका सकाळी मोल्ड भरताना हात इतके कापायला लागले की मी केलेल्या मोल्डात धातू ओतायला सोबतचा पोरगा घाबरायला लागला. त्यानंच मला मोटरसायकलवरनं सीपीआरला नेलं. आठ दिवस ॲडमिट होतो. सगळा मिळून खर्च झाला तो बायकोच्या येण्याजाण्याचा, डब्याचा आणि बाहेरनं आणलेल्या एक-दोन औषधांचा. दोन हजारही नाही. अंगातनं दारू निघाली, हात थांबले. पण डोकं तेच होतं. नवव्या दिवशी घरी आलो आणि संध्याकाळी सहा वाजता कुठं बसू, काय करू, कळेना. माणूस परत पितो तो ह्या सहा वाजताच. तीन महिने कोंडून ठेवलं तरी सुटल्यावर सहा वाजायचेच.

मला धरलं ते अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या मीटिंगनं. आम्ही नुसतं एए म्हणतो. १९३५ साली अमेरिकेत एक शेअर दलाल आणि एक सर्जन, दोघंही पिणारे, एकमेकांशी बोलून थांबले, तिथनं हे सुरू झालं. कोल्हापुरात मराठीत मीटिंगा होतात. फी नाही, फॉर्म नाही, आडनाव कुणी विचारत नाही. शेवटी पेटी फिरते, जमलं तर दहा रुपये टाकायचे, नाही जमलं तर पुढं सरकवायची. जन्मभराची शपथ कुणी घालत नाही. आजच्या दिवसापुरती नको, एवढंच. पहिल्या ९० दिवसांत मी रोज गेलो. बायको रोज सकाळी माझ्या संमतीनं डॉक्टरांनी दिलेली गोळी हातावर ठेवायची आणि मी तिच्यासमोर गिळायचो. ती वेळ आमच्या दोघांची झाली होती.

केंद्राची गरज सगळ्यांना नसते, पण काहींना घरापासनं लांब राहावंच लागतं. तसं वाटलं तर पुण्यात मुक्तांगण आहे, येरवड्याला. डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ ला सुरू केलं, पु. ल. देशपांड्यांनी तेव्हा मदत केली होती. तिथला कार्यक्रम ३५ दिवसांचा असतो. आमच्या मीटिंगमधले दोघं तिथनं आलेत. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी सुरू केलेलं परिवर्तन आहे. फोनवर आधीच सांगा की आमची परिस्थिती अशी आहे, सवलत मिळेल का. लाजू नका. एसटीला तुम्हा बायकांना अर्धंच तिकीट आहे, तेवढं भेटायला जाण्यात वाचेल.

शिवाय १४४४६ हा केंद्र सरकारचा व्यसनमुक्तीचा टोल फ्री नंबर आहे. सामाजिक न्याय मंत्रालयाच्या अनुदानावर चालणारी केंद्रं असतात, तिथं उपचाराचे पैसे घेत नाहीत. आपल्याला जवळचं कुठलं, ते तिथं विचारा.

भावाच्या पगारातनं ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, कापतात का बघा. पगार महिन्याला २१ हजारांच्या आत असेल तर बहुतेक कापत असतील. मग कार्डावर ईएसआयच्या डॉक्टरलाही दाखवता येतं आणि रजेचा दाखला तिथनंच मिळतो. कंपनीत खोटं कारण सांगू नका. मी सुपरवायझरला खरं सांगितलं. तो म्हणाला, बरा होऊन ये, जागा ठेवतो.

म्हैस विकू नका. ते दूध बिल मात्र आधी बंद करा त्याच्या हातातलं. सेक्रेटरीला सांगून आईच्या बँक खात्यावर घ्या.

रुकडीची सून:

ताई, मी पिणाऱ्याची बायको. मोल्डर दादांनी सगळं सांगितलं, पण तुमच्या आईविषयी कुणी बोललं नाही म्हणून लिहिते.

अर्धा पेला चहा द्यायचं आईला सुचलं, गादीखालची बाटली बघून न बघितल्यासारखं करायचंही सुचलं असणार. मीही तेच केलं. मिस्टरांच्या कंपनीत फोन करून "ताप आहे" मीच सांगायची. आठवड्यातनं दोनदा ताप. घरचे असे पिणाऱ्याभोवती फिरत राहतात आणि स्वतः जेवायचं विसरतात. पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी अल-अनॉन म्हणून वेगळ्या मीटिंगा असतात, त्याही फुकट. आईंना घेऊन एकदा जा. मी पहिल्या दिवशी दीड तासात एक शब्द बोलले नाही, पण त्या रात्री कितीतरी दिवसांनी झोपले. मिस्टर त्यानंतर सात महिन्यांनी थांबले. मध्ये दोनदा परत प्यायलेसुद्धा. परत प्याला म्हणजे सगळं वाया गेलं असं समजू नका, लगेच डॉक्टरांकडं न्या.

उचगावची बहीण:

सगळ्यांचं वाचलं. सिस्टर, तुमचं मी आईला मोठ्यानं वाचून दाखवलं. "म्हणजे माझ्या पोराला कुणी काही केलं नव्हतं तर," एवढंच म्हणाली आणि उताऱ्याचं सामान कोपऱ्यात होतं ते उचलून टाकलं.

भावाशी काल सकाळी बोलले. गोठ्यात, शेण काढता काढता. फीटचं सांगितलं तेव्हा त्यानं दोनदा विचारलं, "गोळ्या असतात? नक्की?" मी हो म्हटलं. मग बराच वेळ काही बोलला नाही. शेवटी म्हणाला, दहा तारखेच्या आधी ने, पगार हातात आल्यावर मी येणार नाही.

उद्या बुधवारी जातोय. मिस्टर रजा काढून बरोबर येणार आहेत. मोल्डर दादा, दवाखान्यातनं सुटल्यावर मीटिंगला पहिल्या दिवशी बहिणीनं बरोबर आलेलं चालतं का? तो एकटा जाईल असं वाटत नाही.

मोल्डर:

चालतंय. ओपन मीटिंगला घरची माणसं येऊ शकतात. कुठली ओपन आहे ते मी इथल्या मेसेजमध्ये तुम्हाला कळवतो. सुटायची तारीख कळली की सांगा, सहाच्या आत मी गेटवर येतो.

निवृत्त सिस्टर:

उद्या निघताना घरात जी औषधं तो घेतो ती सगळी पिशवीत टाका, झोपेची गोळी असेल तर तीही. आणि फीटचं सांगायला विसरू नका, केसपेपरच्या मागं आधीच लिहून ठेवा.

उचगावची बहीण:

ॲडमिट करून घेतलं. दुसरा दिवस आहे. हाताला सलाईन, घाम येतोय पण फीट नाही. आज सकाळी डबा घेऊन गेले तर चहा मागितला. पेला दोन्ही हातांनीच धरला, पण तोंड माझ्याकडं होतं. डॉक्टर म्हणाले, अजून दोन दिवस जपायचे. सेक्रेटरींना भेटून आलेय, पुढचं बिल आईच्या खात्यावर येईल.